चाकावरची जागा

९ फेब्रुवारी, सोमवार. सकाळपासून मुठींना जवसाचं तेल लावते आहे. संक्रांतीच्या गड्ड्याच्या जत्रेनंतर आमच्याकडे दरवर्षी मुठींचं काम तुंबलेलं असतं, कारण जत्रेआधी सगळं लक्ष पात्यांवर असतं. यंदा उलटं झालंय. शिसवाच्या मुठी टोपलीभर तयार आहेत आणि त्यांत बसवायला घासलेलं एकही पातं दुकानात शिल्लक नाही. पाती घासणारी बाई डिसेंबरात गेली. कस्तुरी, माझ्या थोरल्या भावाची बायको, माझी वहिनी. वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी तिच्यावर लिहा असं सांगणं आलं, तेव्हा प्रेमळ, कष्टाळू, हसतमुख असं लिहून मोकळं व्हावं असं वाटलं होतं. कष्टाळू ती होती. हसतमुख ठीकठाक. पण आमचं दोघींचं नातं या शब्दांत बसत नाही. मी तिचा हेवा करत होते, आणि अजून करते. गेलेल्या माणसाचा हेवा करू नये म्हणतात. पण ती गेली म्हणून तिने घासलेल्या सुऱ्या काही वाकड्या झाल्या नाहीत.

ती गेली त्या दिवशी मी श्रीपूरला होते. ऊसतोड सुरू झाली की टोळ्यांना कोयते पोचवायचं काम माझं. एका मुकादमाची बायको कोयत्याची मूठ हातात घेऊन मला सांगत होती की मागच्या सालचीच बरी होती, आणि मी तिला सांगत होते की मागच्या सालचीही मीच केलेली. तेवढ्यात दादाचा फोन आला. म्हणाला, "तू निघ. कस्तुरीला दवाखान्यात नेतोय." मी कोयते तिथेच उतरवून निघाले. मोहोळच्या जवळपास दुसरा फोन आला, तेव्हा तो म्हणाला, "आता सावकाश ये." मला समजलं. छातीत कळ आली म्हणून ती पाती घासायच्या चाकावरून उठली, पाणी प्यायली, आणि मोरीच्या उंबऱ्याशी बसली ती पुन्हा उठली नाही. मी शुक्रवार पेठेत पोचले तेव्हा गल्लीत माणसं जमली होती. मी आधी दुकानात डोकावले. चाकाची मोटार बंद केलेली होती. तिनेच केली असणार. चालू यंत्र सोडून ती कधी उठली नाही.

आमचं दुकान म्हणजे पुढे विक्री आणि मागे भट्टी. ट्रकच्या जुन्या कमान-पाट्यांचं लोखंड तापवून, ठोकून त्याच्या सुऱ्या, कोयते, खाटकांचे सुरे करायचे. ठोकायचं काम दादाचं. मुठी, विक्री आणि भांडणं माझ्याकडे. मधलं काम, म्हणजे ठोकलेलं पातं फिरत्या दगडी चाकावर घासून त्याला धारेचा उतार देणं, ते कस्तुरीचं. बाहेरच्या माणसाला वाटतं, घासायचं काय त्यात. सुरी समोरून, टोकाच्या बाजूने डोळ्यापुढे धरा. दोन्ही अंगांनी उतार येतो आणि मधोमध धार होते. हे दोन उतार सारखे असले तर सुरी सरळ खाली जाते. एक जास्त आणि एक कमी झाला, तर सुरी कापताना वाट सोडते, एका बाजूला पळते. कांदा चिरणाऱ्या बाईला हे कळत नाही, तिला वाटतं आपलाच हात वाकडा. पण मटण कापणाऱ्याला, फळं विकणाऱ्या बागवानाला पहिल्या दिवशी कळतं.

आणि उतार सारखे येणं अवघड का, तर माणसाला एकच हात असतो म्हणून. म्हणजे असतात दोन, पण चालतो एक. पात्याचं मागचं टोक, जिथे मूठ बसते ते, उजव्या हातात धरून, डाव्या हाताची बोटं नुसती वरून टेकवून आपण एक बाजू घासतो. उतार किती ठेवायचा ते उजवं मनगट ठरवतं. मग पातं उलटलं की हातही बदलायचे असतात. आता मागचं टोक डाव्या हातात, आणि डाव्या मनगटाने ठरवायचं. तिथे बहुतेकांचं गाडं अडतं. डावं मनगट पात्याच्या मधेच उचलतं, पुढच्या टोकाकडे जास्त दाबतं, आणि एका बाजूला सरळ रेघ तर दुसऱ्या बाजूला लाट उठते.

हे मला आमच्या वडिलांनी, अण्णांनी शिकवलं. दादाला बसून करायचं काम जमत नसे, त्याला घण हवा. मी शाळेतून आले की अण्णांच्या शेजारी पाट टाकून बसायची. अण्णा बोलायचे कमी आणि पाती दाखवायचे जास्त. माझी उजव्या हाताची बाजू फार लवकर बसली. इतकी की अण्णांनी एकदा माझं पातं आणि त्यांचं पातं एका गिऱ्हाइकापुढे ठेवून, यातलं पोरीचं कुठलं ते वळख, असं विचारलं होतं. गिऱ्हाइकाने चुकीचं उचललं. त्या दिवशी मी रस्त्यातून उड्या मारत दळण आणलं. पण त्या गिऱ्हाइकाने पातं उलटून पाहिलं नव्हतं. अण्णा मात्र रोज उलटून बघायचे आणि म्हणायचे, "तुजी एक बाजू दिवाळी अन् एक शिमगा. हात बदल की." मी हात बदलत होतेच. चाकावर बसल्यावर बदलायचे आणि उठल्यावर पुन्हा होते तिथे. वर्षं गेली तरी शिमगा काही संपला नाही. तरीही, अण्णांचा हात थकला की चाकावर मीच बसणार हे मी धरून चालले होते. लग्नही मी याच पेठेत केलं, दोन गल्ल्या पलीकडे. आई म्हणायची, स्थळ बघायला गेलीस की दुकानाचं अंतर मोजायला?

कस्तुरी आली ती अक्कलकोटच्या पुढच्या एका खेड्यातून. घरात कन्नड बोलणारी माणसं, वडील नांगराचे फाळ करणारे. सुरुवातीला तिचं मराठी तुटक होतं, त्यामुळे ती गप्प असायची आणि आम्हाला वाटायचं गरीब आहे. स्वयंपाक उरकून ती मागे येऊन उभी राहायची. बाई माणसाला भट्टीचा धूर कशाला, असं आईने दोनदा म्हणून पाहिलं. मग अण्णांनीच तिला एक फुकट गेलेलं पातं दिलं आणि बस म्हणाले. मला हसू आलं. पहिल्या वर्षी ती माझ्याहून वाईट घासायची, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. दोन्ही बाजूंना शिमगा.

त्यानंतर माझं बाळंतपण, मग सासूबाईंचं आजारपण. दुकानात माझं येणं तुटक झालं. पुन्हा रोज यायला लागले तेव्हा पाहिलं, तर कस्तुरी पातं उलटत होती आणि तिच्या बसण्यात काही फरकच पडत नव्हता. हात बदलल्याचं कळत नव्हतं. मी नीट पाहत राहिले. ती डाव्या हाताने झाडू मारत होती. डाव्या हाताने पाणी शेंदत होती. भाकरी डाव्या हाताने थापत होती. जेवायची तेवढी उजव्या हाताने. मी मनात म्हटलं, हे असं आहे तर. ही मुळातली डावखुरी. माहेरी मारूनमुटकून उजव्याने जेवायला शिकवलेलं दिसतंय, आधी नवी नवरी म्हणून लपवत असेल, आता मोकळी झाली. म्हणजे हिला दोन हात आयतेच मिळालेले. मला फार बरं वाटलं त्या दिवशी. हरण्याचं कारण मिळालं की हरणं निम्मं होतं.

निम्मं उरलेलं मात्र लवकरच पदरात पडलं. अण्णांच्या हाताला कंप सुटला. एका दुपारी त्यांनी भट्टीपाशीच आम्हा तिघांना सांगितलं की उद्यापासून चाकावर कस्तुरी बसेल. मी विचारलं, आणि मी? अण्णा म्हणाले, "तू पुढं बस. गिऱ्हाईक सांबाळ. तुज्या तोंडाला धार हाय, ती कशाला वाया घालवती?" दादा हसला. कस्तुरी हसली नाही, तिने मान खाली घातली. तिने हसायला हवं होतं, मला तेवढंच भांडायला निमित्त झालं असतं. मी दुकानाच्या पुढच्या भागात येऊन बसले ती आजपर्यंत तिथेच आहे. अण्णा त्यानंतर थोडेच दिवस होते. जाताना त्यांनी काय सांगितलं, हात कुणाचा धरला, असलं काही विचारू नका. त्यांनी कस्तुरीला विचारलं की कालचा लॉट निघाला का.

दुकान माझ्या तोंडावर चाललं हे खरं आहे, पण लोक यायचे तिच्या हातासाठी. सलीमभाई म्हणून आमचे जुने गिऱ्हाईक आहेत, त्यांचं मटणाचं दुकान. कस्तुरी माहेरी गेली होती तेव्हा त्यांचे सुरे मी घासले. तिचेच आहेत असं काही मी म्हटलं नाही, आणि नाहीत असंही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी ते सुरे कागदात गुंडाळून परत घेऊन आले. फार अदबीने बोलतात. म्हणाले, "ताई, ये तुमारे हात के हैं ना? अच्छे हैं. पन जरा उधर को भागते." आणि तळहात डावीकडे पळवून दाखवला. मी म्हटलं, तुम्ही धरून ठेवा की मग. ते म्हणाले, "सुरे को धरूं के बकरे को?" दादाने आतून ऐकलं. पुढे आठवडाभर काहीही हातातून निसटलं की तो म्हणायचा, उधर को भागते.

कस्तुरी परत आल्यावर तिने ते सुरे पाहिले. माझी चांगली बाजू तिने तशीच ठेवली आणि दुसरी तेवढी दुरुस्त केली. तिला सगळंच पुसून नव्याने घासता आलं असतं, ते सोपं पडलं असतं. माझ्या बाजूला तिने चाक लावलं नाही हे मी पाहिलं, आणि त्याचाही मला राग आला. त्या संध्याकाळी चहा पिताना मी तिला सरळ म्हटलं, "वहिनी, तुझं बरं आहे. डावखुरी जन्मलीस. देवाने दिलं, आमच्या वाट्याला नाही आलं." तिने कपातला चहा फिरवला आणि म्हणाली, "आसंल की, वन्सं." एवढंच. पुढेही मी हे अनेकदा म्हटलं. गिऱ्हाइकांपुढे म्हटलं, लग्नकार्यात म्हटलं, तिच्या तोंडावर कौतुक केल्यासारखं म्हटलं. प्रत्येक वेळी तिचं तेच, आसंल की. माझं सगळं आयुष्य त्या एका वाक्यावर टेकून बसलं होतं असं म्हणणार नाही, मला इतरही कामं होती. पण टेकायला ते लागायचं.

ती गेल्यापासून चाक बंद आहे. दादाने एका यंत्रवाल्याला गाठलंय. त्या यंत्रात पातं शिकंज्यात अडकवायचं, कोन ठरवून द्यायचा, मग कुणीही फिरवलं तरी दोन्ही बाजू सारख्या येतात. दादा म्हणतो, आता पन्नाशी उलटून गेल्यावर तू चाकावर बसणार आहेस का? त्याला कुजकट बोलायचं नव्हतं, तो खरंच विचारत होता. यंत्रवाल्याला उद्या उत्तर द्यायचं आहे. यंत्र आलं की चाक उचलून भंगारात जाईल, मागे दोन्हींना जागा नाही. बसेन म्हणायला मला तोंड नव्हतं, आणि नाही बसणार म्हणायला मन होईना.

आज दुपारी कस्तुरीची थोरली बहीण आली, महादेवी अक्का. कार्याच्या वेळी आली होती, पण तेव्हा माणसांच्या गर्दीत बोलणं झालं नव्हतं. दादापाशी बसली, रडली, भाकरी खाल्ली. मग दादा लोखंड बघायला बाहेर गेला आणि ती माझ्याजवळ येऊन मुठी पुसू लागली. या घरात नुसतं बसणारं माणूस टिकत नाही, हे तिला बहिणीकडून कळलं असावं. काय बोलावं म्हणून मी माझं ठरलेलं वाक्य काढलं. म्हटलं, कस्तुरीसारखं घासणारं आता मिळणार नाही, ती पडली डावखुरी, तिचं देवदत्त होतं.

अक्काचा हात थांबला. "डावखुरी? कोन? आमची तंगी?" कन्नडमध्ये धाकट्या बहिणीला तंगी म्हणतात. म्हणाली, "आमच्या घरात कुनीबी डावखुरं न्हाय की. ती बी न्हवती."

मी म्हटलं, अहो अक्का, सगळं डाव्या हाताने करायची ती, मी रोज बघत होते.

"लग्नानंतर," अक्का म्हणाली. मग तिने सांगितलं ते असं. लग्नानंतरच्या दुसऱ्या पंचमीला कस्तुरी माहेरी आली ती डाव्या हाताने भाकरी थापायला बसली. भाकऱ्या फाटत होत्या, जाड-पातळ होत होत्या. आई ओरडली, एडगै, एडगै, डाव्या हातानं कुनी भाकरी थापतं का? कस्तुरीने ऐकलं नाही. दात डाव्या हाताने घासायचे, वेणी डाव्या हाताने घालायची, अंगणात सडा डाव्या हाताने. उजवा हात पदरात गुंडाळून ठेवायची. जेवताना तेवढा सोडायची, कारण बाप समोर असायचा. आईला वाटलं, सासरी काही बाहेरचं झालं की काय पोरीला. शेवटी अक्कानेच तिला विहिरीवर गाठून विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "सासऱ्याच्या चाकावर एका हाताची बाई चालत न्हाय. चाकावर बसून हात बदलत न्हाय, अक्का. दिवसभर बदलावा लागतो."

मी तेलाचा बोळा खाली ठेवला. विचारलं, मग मला का नाही सांगितलं तिने? मी जन्मभर तिला डावखुरी म्हणत राहिले.

अक्काने जरा माझ्याकडे पाहिलं, सांगावं की नाही असं... मग म्हणाली, "राग धरू नका ताई. ती म्हनायची, आमच्या वन्सं एका बाजूनं माज्यापेक्षा भारी घासत्यात. दुसरी त्यास्नी जमली तर मी पुन्ना चुलीपुडं. त्यास्नी वाटतंय देवानं दिलंय, तर वाटू दे."

अक्का संध्याकाळच्या गाडीने गेली. मी उरलेल्या मुठी पुसल्या. राग आला, तो तर येणारच. किती वर्षं ती चहाचा कप फिरवत होती आणि मी तिच्यासमोर बसून तिच्या सोयीचं बोलत होते. आणि रागाच्या वर पुन्हा हेवा. आधी वाटायचं तिला मिळालं. आता कळलं की तिने केलं, तेही भाकरी फाटत असताना, आई ओरडत असताना, आणि मी पाहत असताना. मिळालेल्या माणसाचा हेवा करणं सोपं असतं, त्यात आपल्याला काही करायचं नसतं. शिवाय तिची दुसरी गोष्ट. माझ्या उजव्या बाजूला ती घाबरून होती. अण्णांनी ते मला कधी सांगितलं नाही. दादाला ते दिसलंच नसेल. सांगणारी एकटी तीच होती, आणि तिनेही ते माहेरी, कन्नडमध्ये, अक्काला सांगितलं. एखाद्या बाईने आपल्याला एवढं मोठं समजावं आणि आपल्याला ते तिच्या माघारी कळावं, याला काय म्हणतात मला माहीत नाही. मी दुकानाचं शटर ओढलं आणि घरी आले.

१० फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी उठून मी ब्रश डाव्या हातात घेतला. हिरडी सोलली. चहा डाव्या हाताने गाळला, तो निम्मा ओट्यावर गेला. मग परात पुढे ओढली, ज्वारीचं पीठ मळलं, उजवा हात पदरात गुंडाळला आणि भाकरी थापायला बसले. डावा हात लाकडाचा असल्यासारखा पडत होता, भाकरी फिरायला तयार नव्हती. पहिली उचलताना मधोमध फाटली. नवरा पाटावर बसून बघत होता. त्याने घाबरून विचारलं, "हाताला काय झालं गं?" म्हटलं, अजून काही झालेलं नाही, तुम्ही खा. ती फाटकी भाकरी त्याच्या ताटात टाकली, दादाला फोन लावून यंत्रवाल्याला नको म्हणून सांगायला लावलं, आणि पिठाचा दुसरा गोळा घेतला.